अहवालात न मावलेलं वर्ष

(दृश्य: रिकामं सभागृह. मंचावर कुणीतरी माइक तपासतंय. मागच्या पडद्यावर विद्यापीठाची वार्षिक चित्रफीत आवाजाविना सुरू आहे.)

निवेदन:

विद्यापीठाची वार्षिक चित्रफीत कशी असते, हे तुम्हाला पाठ आहे. ड्रोन वर जातो, मुख्य इमारत खाली लहान होत जाते. मग पांढरा कोट घातलेली एक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकात डोकावते. काचपट्टीवर बहुधा काही नसतंच, डोकवायचं असतं ते कॅमेऱ्यासाठी. मग आकडे धावत येतात. इतके शोधनिबंध, इतकी पेटंट, इतके सामंजस्य करार, इतक्या जणांना पीएचडी. दीक्षान्त समारंभ, टाळ्या, संगीत. पाच मिनिटांत वर्ष आटोपतं.

आमची फीतही तशी त्याच जातीची. फक्त आकडा आला की आम्ही जरा थांबणार आहोत आणि त्याला एकच प्रश्न विचारणार आहोत: बाबा रे, तू नक्की याच वर्षाचा का?

(दृश्य: विभागाचं कार्यालय. संगणकावर लांबलचक तक्ता. एक बोट ओळीवरून खाली सरकतंय.)

अहवालाची सुरुवात होते एका परिपत्रकाने. ‘आपल्या विभागाची माहिती विहित नमुन्यात तीन दिवसांत सादर करावी.’ तीन दिवसांत ती कुणीच देत नाही. मग स्मरणपत्र, मग फोन, मग विभागप्रमुखांच्या दारात उभं राहणं. अखेर माहिती येते ती प्रत्येकाच्या तऱ्हेने. कुणी निबंधाचं नाव अर्धंच लिहिलेलं, कुणी गेल्या वर्षीचं चर्चासत्र यंदा पुन्हा घुसवलेलं. एका निबंधाचे दोन लेखक दोन विभागांतले असले की तो दोन्हीकडे मोजला जातो. तो दुबार निबंध हुडकून काढायला संपूर्ण यादी डोळ्यांखालून घालावी लागते. कार्यालयातलं कुणीतरी हे काम संध्याकाळी उशिरापर्यंत बसून करतं. वर्षाची खरी बेरीज तिथे होते, पण त्या टेबलापर्यंत कॅमेरा पोचत नाही. आज पोचलाय.

आता या यादीतली कुठलीही एक ओळ घ्या. ‘अमुक नियतकालिकात निबंध प्रसिद्ध, चालू वर्ष.’ प्रसिद्ध यंदा झाला हे खरं. पण तो लिहायला घेतला त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या नियतकालिकाने तो साभार परत केला. दुसऱ्याकडे समीक्षकांपैकी एकाला पसंत पडला, दुसऱ्याने आणखी एक प्रयोग करून मागितला. तो प्रयोग ज्या विद्यार्थ्याला येत होता तो तोवर नोकरी धरून निघून गेला होता. नव्या विद्यार्थिनीने त्याच्या वह्यांतलं अक्षर लावत लावत तो पहिल्यापासून शिकून घेतला. एवढं सगळं झालं तेव्हा यादीत एक ओळ वाढली.

म्हणजे यंदाची यादी ही जुन्या पेरणीची कापणी. आणि यंदा जे पेरलं, ते कुठल्याच रकान्यात नाही.

(दृश्य: कॉरिडॉरमधलं झेरॉक्स मशीन. झाकणाखालून सरकत जाणारा प्रकाश.)

कॅटालिन कारिको यांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे, तरी या मशीनसमोर ती सांगायला हवी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्या एमआरएनएवर, म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं याचा निरोप पेशीला देणाऱ्या रेणूवर, काम करत होत्या. अनुदानं मिळेनात. १९९५ मध्ये त्यांना पदावरून खाली उतरवण्यात आलं. त्या तरी काम करत राहिल्या. पुढे झेरॉक्स मशीनपाशी त्यांची ड्रू वाइसमन यांच्याशी ओळख झाली. दोघांनाही निबंधांच्या प्रती काढायच्या होत्या, तिथून बोलणं सुरू झालं.

अडचण अशी होती: बाहेरून दिलेला एमआरएनए शरीराला परका वाटे आणि पेशींमध्ये दाह उसळे. या दोघांनी त्यातला युरिडिन नावाचा घटक थोडासा बदलला, आणि दाह थांबला. यावरचा त्यांचा निबंध २००५ मध्ये आला. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. पंधरा वर्षांनी महासाथ आली, त्याच तंत्रावर लशी उभ्या राहिल्या, आणि २०२३ मध्ये दोघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता हिशेब करा. हे यश कुठल्या वर्षाच्या अहवालात घालायचं? २०२३ च्या? तेव्हा तर नुसतं पदक आलं. २००५ च्या यादीत ती इतर ओळींसारखीच एक ओळ. आणि झेरॉक्सपाशी झालेल्या गप्पांना रकानाच नाही.

(दृश्य: ग्रंथालयातले जाडजूड संदर्भखंड. पानावर बारीक टाइपात नावांच्या रांगा.)

मोजण्याची ही हौस आली कुठून? खरं तर ती ग्रंथालयातून आली, आणि हेतू चांगला होता. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. एखाद्या निबंधाचा आधार पुढे कुणी कुणी घेतला, हे त्यातून हुडकता येई. म्हणजे वाट दाखवणारी पाटी. पुढे त्याच पाटीवरून प्रवाशाची किंमत ठरू लागली. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस ठिकाणी आधार म्हणून घेतलं असेल, तर तुमचा निर्देशांक वीस. कळायला सोपं, म्हणूनच अंगाशी येणारं. निवड समितीला मग निबंध वाचायचे कष्ट उरत नाहीत.

२००३ मध्ये शांघायहून जागतिक विद्यापीठांची क्रमवारी प्रसिद्ध झाली. तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांची नोबेल आणि गणितातली फील्ड्स पदकं, प्राध्यापकांची पदकं, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांतले निबंध, सर्वाधिक आधार घेतले जाणारे संशोधक, असं सगळं आहे. वर्गात काय चालतं, ते मात्र थेट कुठेही मोजलेलं नाही.

तरीही मोजणी वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. आकडे नव्हते तेव्हा ‘हा कुणाचा माणूस’ यावर बढत्या होत. कुणाच्याही ओळखीचा नसलेला, नुसतं काम करणारा माणूस आकड्यांमुळेच दिसू लागला. तक्रार आकड्याबद्दल नाही. ज्याला आकडा लागत नाही ते घडलंच नाही, असं धरून चालतात, त्याबद्दल आहे.

आणि अशा गोष्टी सगळ्यांत जास्त सापडतात त्या वर्गात.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर एक प्रश्न. मुलं बाकांवर वळून एकमेकांशी बोलतायत. गलका.)

हा गलका ऐका. शेजारच्या वर्गातून कुणी डोकावलं तर वाटेल, बाई आल्या नाहीत वाटतं. बाई तिथेच आहेत, दुसऱ्या ओळीत वाकून ऐकतायत. फळ्यावर प्रश्न आहे, चार पर्याय आहेत. आधी प्रत्येकाने आपापलं उत्तर ठरवलं. आता शेजाऱ्याला ते पटवून द्यायचंय. एक मुलगा ठामपणे सांगतोय, आणि सांगता सांगता मध्येच थांबतो. ‘अरे, थांब... हे उलटं होतंय.’ तो थांबला ना, तेव्हा तो शिकला. किती सेकंदांचं काम!

अशा शिकवण्याचा उपयोग होतो का, हे तपासून झालंय. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या शिकवणीवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. एखाद्या औषधाने एवढा फरक पडला असता तर ते दुसऱ्या दिवशी सगळीकडे सुरू झालं असतं.

मग हे सगळीकडे का होत नाही? एक कारण २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत दिसलं. तोच धडा, तीच टिपणं. काहींना उत्तम व्याख्यान मिळालं, काहींना स्वतः झगडून प्रश्न सोडवायला लावलं. चाचणीत झगडणारे पुढे होते. पण ‘तुम्ही किती शिकलात असं वाटतं?’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. ऐकताना सगळं सोपं वाटतं, हातात पेन घेतलं की खरी परीक्षा. आता वर्षअखेरच्या अभिप्राय-पत्रकांवर कुणाला तारे जास्त मिळणार, ते तुम्हीच सांगा. आणि अहवालात छापली जाते ती याच ताऱ्यांची सरासरी.

(दृश्य: जुन्या पद्धतीचं सभागृह. भिंतीवर टांगलेल्या मोठ्या आकृत्या. खुर्च्या रिकाम्या.)

‘समाजाभिमुख उपक्रम’ हा अहवालातला सगळ्यांत रंगीत विभाग. वृक्षारोपणाची छायाचित्रं, शिबिरांची उपस्थिती, फलक धरलेले हात. रोप लावतानाचं छायाचित्र नेमाने असतं. तेच रोप तीन वर्षांनी कसं आहे, याचं छायाचित्र आम्ही या फितीसाठी बरंच शोधलं. सोडून देऊ.

विद्यापीठाने भिंतीबाहेर जावं, ही कल्पना जुनी आहे. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट १८६० च्या दशकाच्या शेवटी उत्तर इंग्लंडमध्ये गावोगाव व्याख्यानं देत फिरत होते. ऐकायला विद्यापीठाची पायरी न चढलेल्या स्त्रिया होत्या, कामगार होते. रॉचडेलला एकदा व्याख्यान संपल्यावर त्यांना निघायची घाई होती, म्हणून त्यांनी सभागृहाची देखभाल करणाऱ्याला विचारलं, भिंतीवरच्या आकृत्या पुढच्या खेपेपर्यंत राहू दिल्या तर चालतील का? पुढच्या खेपेला तो म्हणाला, बरं झालं राहू दिल्यात; लोक त्यांच्यावर आपसांत बोलले, आता व्याख्यानाआधी त्यांना तुम्हाला प्रश्न विचारायचेत.  व्याख्यानाचा वर्ग झाला तो असा. पुढे १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे हाती घेतलं आणि ‘विद्यापीठ विस्तार’ ही चळवळ सुरू झाली.

त्या दिवसाचा अहवाल लिहिला असता तर काय लिहिलं असतं? विषय, वक्ता, उपस्थिती. आकृत्या भिंतीवर राहिल्या, हे कुणी लिहिलं असतं?

(दृश्य: काचेच्या घंटेखाली नरसाळं. त्यातून लोंबणारा काळा, चकचकीत थेंब. काही हलत नाही. दृश्य बराच वेळ तसंच.)

चित्र अडकलेलं नाही. बघत राहा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी नरसाळ्यात डांबर ओतलं. हातोड्याने फोडलं तर तुकडे होतील असं घट्ट डांबर. ते घन दिसत असलं तरी वाहतं, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. तीन वर्षं ते बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये. २०१४ पर्यंत मोजून नऊ थेंब. या प्रयोगाचा वार्षिक अहवाल लिहायचा म्हटलं तर जवळपास दरवर्षी एकच वाक्य: ‘यंदा थेंब पडला नाही.’

१९६१ पासून हा प्रयोग जॉन मेनस्टोन यांनी सांभाळला. १९७९ मध्ये थेंब पडला तो नेमका सुटीच्या दिवशी. १९८८ मध्ये ते काही प्यायला आणायला पाच मिनिटं बाहेर गेले, तेवढ्यात पडला. २००० मध्ये कॅमेरा लावून ठेवला होता, तो ऐनवेळी बंद. २०१३ मध्ये ते वारले. नववा थेंब पुढच्या एप्रिलमध्ये पडला. बावन्न वर्षं राखण केली, आणि एकही थेंब पडताना पाहिला नाही.

(दृश्य: अंधार. मंद दिव्याच्या उजेडात माती उकरणारे हात.)

अमेरिकेत मिशिगनमध्ये याहूनही जुना प्रयोग चालू आहे, तोही जमिनीखाली. तणाच्या बिया मातीत किती वर्षं जिवंत राहतात? शेतकऱ्याने किती वर्षं खुरपत राहायचं? वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम बील यांनी १८७९ मध्ये वीस बाटल्या भरल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया. आत पाणी साचू नये म्हणून तोंडं खाली तिरकी करून त्यांनी त्या पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची, असा बेत. बिया काही लवकर मरेनात, म्हणून पुढच्यांनी ते अंतर दहा वर्षांवर नेलं, मग वीसवर.

जागा गुप्त आहे. नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे जातो. २०२० मध्ये काढायची बाटली महासाथीमुळे राहिली. ती काढली २०२१ च्या एप्रिलमध्ये, पहाटेच्या अंधारात, कारण उजेड लागला तर बिया वेळेआधीच जाग्या व्हायच्या. १४२ वर्षं जमिनीत राहिलेल्या त्या बियांपैकी काही, व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या, उगवल्या.

उरल्या चार बाटल्या. पुढची निघेल २०४० मध्ये, शेवटची २१०० मध्ये. ती उकरणारे हात अजून जन्मले नसावेत.

(दृश्य: पुन्हा कार्यालय. तक्ता. एका रिकाम्या रकान्यावर थांबलेला कर्सर.)

आणि यंदाच्या तक्त्यात या प्रयोगापुढे काय भरायचं? विहित नमुना आहे, रकाना रिकामा सोडता येत नाही.

‘बाटल्या जागेवर आहेत.’