पुरंदर ते फलटण: मे महिन्यातली ज्योत

[दृश्य: नारायणपूर, संध्याकाळ. मागे पुरंदर. रस्त्याकडेला उभा टेम्पो.]

13 मे, संध्याकाळचे पावणेसहा. छोट्या हत्तीच्या हौद्यात पाण्याचे जार, बर्फाची थर्माकोलची पेटी, गोणपाटं, घडी घातलेली ताडपत्री. आणि सगळ्यात आत, केबिनच्या जाळीला तारेने जखडलेला एक कंदील. गडावर पेटवलेली ज्योत सध्या त्या कंदिलात आहे.

उद्या छत्रपती संभाजी महाराजांची जयंती. 14 मे 1657 रोजी महाराजांचा जन्म याच पुरंदरावर झाला. त्यांच्या मातोश्री सईबाई राणीसाहेब फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या. म्हणजे फलटणकडची मंडळं इथून ज्योत नेतात, तेव्हा ती महाराजांच्या आजोळी चाललेली असते.

वाट ओळखीची आहे. सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण. आषाढी वारीत माउलींची पालखी हीच वाट मुक्काम करत जाते. फलटणच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर गाव धरलं, तर एकूण अंतर सुमारे शंभर किलोमीटर. ते एका रात्रीत पळायचं, तेही मे महिन्यात.

[दृश्य: वहीत हाताने लिहिलेलं वेळापत्रक.]

हिशेब उलटा, गावाकडून मांडायचा. किलोमीटरला साडेसात मिनिटं, म्हणजे ताशी आठ किलोमीटर. हातात पेटती मशाल असताना यापेक्षा जास्त वेग रात्रभर टिकत नाही. शंभर किलोमीटरला साडेबारा तास. गावोगावचं स्वागत, हार, चहा, मशालीत तेल घालणं यासाठी दीड तास. एकूण चौदा तास. सकाळी आठला गावात पोचायचं तर संध्याकाळी सहाला निघायलाच हवं.

दुपारी दोनला निघून पहाटेच पोचू, असा विचार बरीच मंडळं करतात. तो मोडून काढावा. मे महिन्यात दुपारी दोनला डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. वरून ऊन, खालून रस्ता, हातात जाळ. गड लष्कराच्या ताब्यात आहे, संध्याकाळी बंद होतो, वर जाताना ओळखपत्र लागतं. तेव्हा वरचा कार्यक्रम दिवसा उरकून घ्यावा, ज्योत कंदिलातून खाली आणावी, मुलांना सावलीत झोपवावं आणि ऊन कलल्यावर निघावं. कंदिलातून आणलेली ज्योत जराही उणी होत नाही.

वहीत तीन खुणा पुरतात. जेजुरी साडेनऊ, लोणंद दोन, फलटण सव्वासहा. लोणंदला अर्धा तास उशीर झाला, तर तो अर्धा तास उन्हात पळून भरून काढावा लागतो. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. शेवटचे दोन तास तसेही उन्हातले असतात, आणि तेव्हा पाय रात्रभर पळून थकलेले असतात. म्हणून वाटेतल्या लोकांचा मान ठेवून, पण उभ्याउभ्याच चहा घ्यायचा.

[दृश्य: मशाल बांधणारे हात, जवळून.]

आता मशाल. दांडा बांबूचा किंवा लाकडाचा, दोन-अडीच फूट. लोखंडी नळीचा दांडा तापतो आणि तळहात भाजतो. दांड्याच्या वरच्या टोकाखाली पत्र्याची थाळी, ठिबकणारं तेल हातावर येऊ नये म्हणून. वर सुती कापडाचा घट्ट बोळा. जुनं धोतर सगळ्यात चांगलं. नायलॉनची साडी कधीच नको. ती वितळते आणि पेटते थेंब खाली पडतात. बोळ्यावर बांधकामाची तार उभी-आडवी आवळायची. बोळा सैल राहिला, तर तासाभरात विस्कटून उडायला लागतो.

तेल गोडेतेल. पेटायला वेळ घेतं, पण संथ जळतं. रॉकेलचा डबा उन्हात टेम्पोत ठेवलेला असेल, तर धोका वाढतो, कारण रॉकेलच्या वाफा साधारण चाळीस अंशांच्या आसपास ठिणगीने पेट घेऊ शकतात. पेट्रोल तर गाडीच्या टाकीबाहेर दिसताच कामा नये. तेल कोणतंही असो, पेटत्या मशालीवर ओतायचं नाही. दुसरी मशाल तयार ठेवायची, पहिलीवरून ती पेटवायची, मग पहिली विझवून, निववून तिला तेल पाजायचं.

[दृश्य: पहिली पाळी. मशाल एका हातातून दुसऱ्या हातात.]

पळणारे सोळा. आठ-आठच्या दोन तुकड्या. एकेक किलोमीटरची पाळी, म्हणजे आठ जणांची फेरी एका तासात पुरी होते. तुकडी दोन तास पळते, दोन तास विश्रांती घेते. प्रत्येकाच्या वाट्याला सहा किलोमीटर येतात. सोळा सक शहाण्णव. उरलेले चार किलोमीटर गावाजवळचे, तिथे सगळे एकत्र पळतात.

मशाल घेताना नव्याने दांड्याचं खालचं टोक पकडायचं, "धरली" म्हणायचं, मगच जुन्याने हात सोडायचा. दोघं दहा पावलं बरोबर चालतात. मशाल वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूच्या हातात, अंगापासून लांब. समोरून वारा असेल तर जाळ तोंडावर येतो. अशा वेळी ती बाजूला तिरपी धरून चालावं, पळूच नये.

पहिली पाळी हमखास बिघडते. ढोल वाजत असतो, घोषणा चालू असतात, आणि पोरगं पाच मिनिटांत किलोमीटर काढतं. तापलेल्या अंगाने टेम्पोत चढतं आणि पुढच्या पाळीला पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून पहिल्या चार पाळ्या शांत स्वभावाच्या मुलांना द्याव्यात. पुण्या-मुंबईहून त्याच दिवशी आलेल्यांना मध्यरात्रीनंतरच्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. एसीत बसणारा मुलगा गावच्या मुलाइतकाच दमदार असला, तरी घाम यायची त्याची तयारी झालेली नसते. अनवाणी पळायचा नवस असेल, तर तोही रात्री दहानंतर फेडावा, रस्ता निवल्यावर.

टेम्पो मागे हाफ क्लचवर रांगत ठेवला, तर क्लच जळतो आणि रेडिएटर उकळतो. टेम्पोने किलोमीटरभर पुढे जाऊन, रस्त्याच्या पूर्ण खाली उतरून थांबावं. पळणाऱ्याच्या मागे दोन मोटारसायकली, दिवे चालू, अंगात चकाकणारी जाकिटं. चालत्या टेम्पोतून उडी मारून मशाल घ्यायची हौस अनेकांना असते. घोटे मुरगळतात ते तिथेच.

[दृश्य: मध्यरात्र. पिंपातून पाणी, ओआरएसची पुडी.]

पाण्याचा हिशेब सोबतच्या मंडळींसह चोवीस जणांचा. वीस लिटरचे सात जार पिण्यासाठी, आणखी तीन अंगावर घेण्यासाठी. पाळी संपली की एक पेला, हळूहळू. घटाघटा लिटरभर साधं पाणी प्यायलं, तर पोट डचमळतं, आणि रात्रभर नुसतं पाणीच ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी पाजतात.

ओआरएसची 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची, पेल्यात नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. खारट ताक चालतं. जेवण निघण्याआधी दोन तास, वरण-भात. वाटेत केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे. जेजुरीत कुणी प्रेमाने मिसळ आणली, तर ती गाडीसोबतच्या मंडळींनी खावी.

[दृश्य: पहाट, लोणंदच्या पुढे. दोघे एकाला आधार देतायत.]

नीरेच्या खोऱ्यात उतरलं की हवा कोंदट लागते. आता पळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. घोषणा देणारा मुलगा गप्प झाला, पावलं वाकडी पडू लागली, अंगावर काटा आला, की मशाल काढून घ्यायची. विचारायचं, "तुझ्या आधी कोण पळत होतं?" उत्तर भलतंच आलं, किंवा तो उगाच चिडला, तर हा थकवा नाही, उष्माघात आहे. घाम येतोय म्हणून फसू नये. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं.

इथे ताडपत्री उघडायची. त्याला तिच्यावर झोपवून चौघांनी कडा उचलून धरायच्या, खोलगट हौद करायचा, आणि राखून ठेवलेलं चाळीस-पन्नास लिटर पाणी बर्फासकट ओतायचं. डोकं वर, तोंड मोकळं. पाणी हाताने ढवळत राहायचं. एकाने त्याच वेळी 108 ला फोन लावायचा. शरीर पहिल्या अर्ध्या तासात थंड झालं पाहिजे, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही, तिचा इथे उपयोग नसतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. मीठ-साखरही नाही.

ज्योतीचं काय, हा प्रश्न त्या क्षणी कुणीतरी विचारतोच. ज्योत कंदिलात आहे. मशाल बाजूला विझली तरी चालेल. पाळ्या असतात त्या याचसाठी, की कुणालाही कधीही "घे रे" म्हणता यावं. अर्ध्या किलोमीटरवर मशाल देणाऱ्याला कुणी हिणवत असेल, तर मंडळाच्या ज्येष्ठांनी तिथल्या तिथे गप्प करावं.

[दृश्य: सकाळ. फलटणच्या पुढचा रस्ता, दोन्हीकडे ऊस. सोळा जण एकत्र.]

शेवटचे चार किलोमीटर. ऊन खांद्यावर आलेलं, मानेवर बर्फाच्या पाण्यात पिळलेले पंचे. इथे मशाल सगळ्यात लहान मुलाच्या हातात असावी, म्हणजे बाकीचे आपोआप त्याच्या वेगाने पळतात. वेशीवर आयाबाया आरत्या घेऊन उभ्या आहेत. पायांवर पाणी पडतं, आणि तापलेल्या पावलांना ते ओवाळण्याइतकंच हवं असतं.

चौकात प्रतिमेसमोर समई. मशालीचा जाळ वातीला लागतो, वात फडफडते, दोन-तीन जण हातांचा आडोसा करतात. ती स्थिर होईपर्यंत टेम्पोतला कंदील जळताच ठेवायचा.