डबा ओला होतो तो वाफेनं

सगळ्यांना नमस्कार. पुरुष मंडळीपण बऱ्यापैकी आलीत ते बघून बरं वाटलं, कारण आज मी मुलांच्या शाळेच्या, न सांडणाऱ्या डब्याबद्दल जे सांगणारे त्यातलं निम्मं काम स्वयंपाकाचं नाहीच, ते गार करायचं, कापायचं आणि नीट भरायचं आहे, आणि तेवढं घरातल्या कुणालाही जमतं.

आधी मुलाच्या बाजूनं बघू. छोटी सुट्टी असते किती, दहा-पंधरा मिनिटं. त्यात नळावर गर्दी, हात धुतले तर धुतले, बेंचवर वही उघडीच आणि डबा मांडीवर. झाकण काढलं आणि भाजीचं तेल पांढऱ्या शर्टवर ओघळलं की ते लेकरू दिवसभर डाग हातानं झाकत बसतं. दुसऱ्या दिवशी डबा तसाच्या तसा परत येतो आणि आपण म्हणतो, खातच नाही बघा हा. अहो त्याला भूक असते, पण सांडायची भीती वाटते. मला हे फार लागतं. म्हणून डबा सांडणं हा मी कपडे धुवायच्या कटकटीचा विषय मानत नाही, पोर उपाशी राहतं त्याचा मानते.

आता बरेच जण काय करतात, डबाच बदलतात. लॉकवाला आणतात, चार कप्प्यांचा आणतात. आणा की, माझं काही म्हणणं नाही, पण रस्सा नसताना, नुसती पोळी-भाजी दिली तरी पोळी चिकट झालेली असते, इडली खालून गिचका झालेली असते, ते पाणी आलं कुठनं? ते वाफेचं. गरम पदार्थ भरून झाकण दाबलं की वाफेला जायला जागा राहत नाही, ती झाकणाला लागून पाणी होते आणि थेंब थेंब परत खाली पडते. डबा जितका घट्ट बंद होणारा तितकं हे जास्त होतं, म्हणजे महागाच्या डब्यात जास्तच.

तर तव्यावरनं काढलेला पदार्थ ताटात ठेवू नका, ताटात खालची बाजू घामेजते. जाळीवर ठेवा, नसेल तर दुरडीत सुती कापड अंथरून ठेवा, फॅन चालू, आणि मधे एकदा उलटा. पाच-सात मिनिटं लागतात. हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा, गरम लागायला नको, मग डब्यात.

आणि हे फक्त डागासाठी नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा ४० च्या वर, कधी ४३-४४ पर्यंत जातो. जंतू वाढायला साधारण ५ ते ६० अंश तापमान सोयीचं, आणि बंद ओला डबा, वर सोलापूरचं ऊन, म्हणजे त्यांना सगळंच मिळालं. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं अन्नसुरक्षावाले सांगतात आणि ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर एकच तास. सकाळी साडेसहाला भरलेला डबा साडेनऊ-दहाला उघडतो, तुम्हीच हिशोब करा. म्हणून उन्हाळ्यात पनीर, उकडलेलं अंडं, ओल्या खोबऱ्याची चटणी मी डब्यात घालत नाही. घरी आल्यावर खाऊ देत. आणि रात्रीचा बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन तर अजिबात नको, भातात काही जंतूंची बीजं शिजवल्यावरही टिकतात, तो भात तसाच बाहेर राहिला की ती वाढतात, विष तयार होतं आणि ते परत गरम करून जात नाही. सकाळी ताजा केलेला चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, चालेल, मोकळा, चमच्यासकट, पण तो आणि इडली-उपीटासारखं ओलं कडक उन्हाळा सोडून.

मग द्यायचं काय? माझ्या मते पहिला नंबर धपाट्याचा. आपल्या घरात ते आहेच, नवीन काही शिकायचं नाही. ज्वारी तर आपल्या जिल्ह्याची, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपण मुलाच्या डब्यात बिस्किटाचा पुडा टाकतो, मला याचं वाईट वाटतं. पण डब्याचं धपाटं आणि घरच्या जेवणाचं धपाटं यात फरक करायला लागतो, तो नीट सांगते. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारा भाग, नसतं, म्हणून नुसत्या ज्वारीचं गार झालं की घडीवर तुटतं आणि चुरा दप्तरात. दोन वाट्या ज्वारीला एक वाटी कणीक आणि पाव वाटी बेसन घाला, आणि ज्वारीचं पीठ आधी उकळत्या पाण्यात चमच्यानं कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग बाकीचं घालून मळा. गरम पाण्यानं पिठाला चिकटपणा येतो, धपाटं वळतं, तुटत नाही. तीळ, ओवा, लसूण, थोडी मिरची, कोथिंबीर किंवा मेथी. कांदा मात्र डब्याच्या धपाट्यात नको. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो, धपाटं मधे ओलसर राहतं आणि दुपारपर्यंत वासही येतो. काकडी किसून घालायची तर मीठ लावून घट्ट पिळून घ्या, निघालेलं पाणी मळायला वापरा. ओल्या फडक्यावर पातळ थापा, मध्यम आचेवर दोन्हीकडनं तेल सोडून भाजा, आणि कडेनं वाफ निघायची थांबेपर्यंत काढू नका, घाई तिथंच होते. गार झालं की कात्रीनं चार तुकडे. अख्खं धपाटं गुंडाळून दिलं तर मूल ते दोन हातांनी ओढतं आणि तिथंच सांडासांड सुरू होते, तुकडा एका हातात मावायला पाहिजे, दोन घासात संपायला पाहिजे.

दही सोबत द्यायचा मोह होतो, देऊ नका, पिठातच दोन चमचे घाला.

आता शेंगाचटणी. सोलापुरात राहून ती डब्यात नसेल असं कसं चालेल. पण कोरडी चटणी पुडीत बांधून दिली तर ती खाली, कपड्यावर, वहीत, सगळीकडे जाते. आपली चटणी कुटलेली असते, दाण्याचं तेल सुटलेलं असतं, त्याचाच फायदा घ्या. दोन चमचे चटणीत एक चमचा तूप किंवा तेल घालून लेप करा आणि छोट्या इडल्या गार झाल्यावर त्यात घोळवा. तेलाच्या थरामुळं इडली वरनं सुकत नाही, एकमेकीला चिकटत नाही, आणि वेगळी चटणी, वेगळी डबी, ते सगळं संपलं. सांबार नको. आपल्याकडे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांमधे अशी पुडी, म्हणजे कोरडी चटणी, लावलेली इडली कधीपासनं करतात, त्यांना हे सांगायलाच नको. मुलांसाठी तिखट निम्मं, नाहीतर नाकातोंडातनं पाणी आणि सगळं शर्टच्या बाहीला.

उपीट चमच्यानं खाताना रव्याचे कण पडतात, म्हणून त्याच्या वड्या करा. एक वाटी भाजलेला रवा, दोन वाट्या पाणी, एवढंच, जास्त नाही, घट्ट झालं की तूप लावलेल्या ताटात थापायचं, गार झालं की कापायचं. गाजर, मटार बारीक. आप्पे तर प्रश्नच नाही, गोल, कोरडे, कुठल्याही पिठाचे करा. पोह्यांचं मला डब्यात फारसं पटत नाही, गार झाले की वातड होतात आणि सांडतातही. गोड द्यायचं तर गुळाची दशमी, दुधात गूळ विरघळवून त्यात कणीक मळायची, गुळामुळं ती मऊ राहते, आणि पूर्वी प्रवासाला निघताना लोक दशम्याच बांधून घ्यायचे ते उगाच नाही.

फळात डाळिंब आपलं, सगळ्यांच्या घरी येतं, पण त्याचा डाग जात नाही, पांढरा युनिफॉर्म असेल त्या दिवशी पेरू द्या, केळं द्या, डाळिंब संध्याकाळी.

डब्याच्या झाकणात जी रबराची रिंग असते ती सुरीच्या टोकानं काढून धुता का कुणी? आज घरी जाऊन काढून बघा. खाली काळपट चिकट थर असतो, वास तिथनं येतो आणि रिंग नीट बसत नाही म्हणून गळतंही तिथनंच. रोज नाही तर आठवड्यातनं दोनदा तरी काढा, पूर्ण वाळवून बसवा. आणि पेपरमधे धपाटं गुंडाळणं बंद करा, छपाईची शाई तेलात उतरते, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत खाण्याला वर्तमानपत्र वापरायला मनाईच आहे. फॉइलमधे लिंबू-चिंचेचं आंबट नको. सुती रुमाल घ्या, टॉवेलचं गाव आहे आपलं, जुन्या टॉवेलचा वीतभर तुकडा शिवून घेतला की हात पुसायला तोच.

ताई, तुम्ही सकाळच्या शाळेचं विचारलंत, सहाला उठून हे सगळं कसं होणार. रात्री मेथी निवडून, लसूण-मिरची वाटून, ज्वारीचं पीठ वेगळं आणि बाकीची पिठं एकत्र मोजून ठेवा, सकाळी फक्त ज्वारी उकळत्या पाण्यात कालवायची आणि बाकीचं घालून मळायचं. इडलीच्या पिठाचं तर विचारायलाच नको, रात्रीच आंबतं.

आणि दुसरा प्रश्न शेंगदाण्याचा आला तो महत्त्वाचा आहे. काही मुलांना दाण्याची अ‍ॅलर्जी असते, ओठ सुजतात, अंगावर गांध्या येतात, कधी श्वासाचा त्रास होतो, तेव्हा थांबायचं नाही, लगेच दवाखाना. आपल्या मुलाला नसेल पण शेजारच्याला असू शकते, म्हणून डबा वाटून खा म्हणताना विचारून दे हेही शिकवा, आणि ज्यांच्या मुलाला आहे त्यांनी वर्गशिक्षकांना लेखी कळवा. त्या घरी चटणी तिळाची किंवा जवसाची करा, पण तिळाचीही अ‍ॅलर्जी असू शकते, आधी डॉक्टरांना विचारून घ्या. बालवाडीतल्या मुलांना अख्खे दाणे नकोच, घशात अडकतात, द्राक्षंही उभी चिरून द्या.