फीचा हिशेब आणि मोलाच्या मुली

मंडळी, आज मला आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या काठावरच्या एका भागाबद्दल आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी सुरू झालेल्या 'कॅमफेड' या संस्थेबद्दल बोलायचं आहे. झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांच्या सीमेवरून ही नदी वाहते. १९५५ ते १९५९ या काळात तिच्यावर करिबा धरण बांधलं गेलं. खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या टोंगा लोकांना उठवलं, दोन्ही काठांची मिळून सुमारे सत्तावन्न हजार माणसं. नदीकाठची गाळाची जमीन गेली आणि वाट्याला आली ती कोरडी, खडकाळ जमीन. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा बुडणाऱ्या रानातल्या प्राण्यांना वाचवायची मोठी मोहीम निघाली, 'ऑपरेशन नोहा'. सहा हजारांच्या आसपास प्राणी वाचले आणि त्या मोहिमेचं जगभर कौतुक झालं. माणसांच्या उठण्याची एवढी बातमी झाली नाही. वीज तयार झाली, ती तांब्याच्या खाणींकडे आणि शहरांकडे गेली. त्याच दशकात आपल्याकडे कोयनेचं काम सुरू झालं होतं. या सभागृहात कोयनेकाठून उठलेल्या घरांतली माणसं असतील, त्यांना मी आणखी काय सांगू?

या उठवलेल्या लोकांच्या मुलखात, झिंबाब्वेच्या बाजूला, मोला नावाचं गाव आहे. १९९१ साली अ‍ॅन कॉटन नावाच्या वेल्श बाई तिथं पोचल्या. मुली शाळेतून का गळतात याचा त्या अभ्यास करत होत्या. निघताना त्यांना जाणकारांनी सांगितलं होतं की उत्तर ठरलेलं आहे: ही रूढीत अडकलेली माणसं, मुलींना शिकवणं यांना पसंतच नाही.

इथं मला माझं एक सांगायचं आहे. मी बत्तीस वर्षं शिक्षिका होते, त्यातली बरीचशी डोंगरी भागात. सातवी झाली की मुली दिसेनाशा व्हायच्या आणि मीही हेच म्हणायची, की पालकांना मुलीची किंमत नाही. एकदा अशाच एका मुलीच्या घरी जाऊन मी तिच्या वडिलांना बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय हे मला तुमच्या आधी कळलंय. हायस्कूल नऊ किलोमीटरवर हाय. यष्टीचं भाडं, गणवेश, वह्या, समदं धरून तुम्हीच सांगा कुठल्या पैशातनं?" मी सांगू शकले नाही. पुढे मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागला तेव्हा त्याच वाडीतल्या मुली बसमध्ये बसून हायस्कूलला जाताना मी पाहिल्या. रूढी होती तीच होती. बदललं होतं फक्त भाडं.

अ‍ॅन कॉटन यांना मोल्यात नेमकं हेच ऐकायला मिळालं. त्या आयाबापांजवळ बसल्या, गावच्या वडीलधाऱ्यांशी बोलल्या. मुलींना शिकवायला कोणाचा विरोध नव्हता. पैसा एका मुलाच्या फीपुरता, तोही कसाबसा. मग कोणाला पाठवायचं? पगाराची नोकरी मिळाली तर ती मुलालाच मिळणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून मुलगा. हा गरिबाचा हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही. दोन बहिणी त्यांना तिथं भेटल्या, सुमारे शंभर किलोमीटर पायी चालून आलेल्या. का, तर मोल्याच्या शाळेची फी त्यांच्या भागातल्या शाळेपेक्षा कमी होती. कुडाची झोपडी घालून त्या एकट्या राहत होत्या आणि शिकत होत्या. ज्यांच्या मुली शिक्षणासाठी इतकं चालतात, त्या लोकांना शिक्षण नको आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्यात काळही वाईट होता. १९८०च्या स्वातंत्र्यानंतर झिंबाब्वेनं शाळांवर मनापासून खर्च केला होता, खेड्यापाड्यात शाळा उघडल्या होत्या. १९९१मध्ये सरकारनं आर्थिक फेररचनेचा कार्यक्रम स्वीकारला, सरकारी खर्चाला कात्री लागली, फीचा बोजा घरांवर आला. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. आणि एड्सनं घरंच्या घरं आयाबापांविना होत होती.

कॉटनबाई इंग्लंडला परतल्या आणि केंब्रिजमध्ये घरी केलेले केक विकून त्यांनी पहिले पैसे उभे केले. १९९३मध्ये बत्तीस मुलींची सोय झाली. तीच 'कॅमफेड'ची सुरुवात. पुढे हे काम झांबिया, घाना, टांझानिया, मलावी इथवर गेलं.

पैसे देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, मी आज कॅमफेडच का निवडली? एक तर ती फी भरून मोकळी होत नाही. बूट, गणवेश, वह्या, पाळीच्या दिवसांतले पॅड, लांबच्या मुलीला वसतिगृह, असा पूर्ण खर्च धरते, कारण यातली एक गोष्ट अडली तरी मुलगी घरी बसते. दुसरं म्हणजे मुली कोणत्या निवडायच्या हे गावच ठरवतं. शिक्षक, पालक, गावचे मुखिया, सरकारी अधिकारी यांची समिती बसते. कोणाच्या घरी खरंच चूल पेटत नाही हे त्यांना माहीत असतं. कुठे आयांचे गट तयार झाले, त्या शाळेत लापशी शिजवतात, म्हणजे मुलं उपाशी बसत नाहीत. हे ऐकलं की मला लक्ष्मीबाई पाटील आठवतात, कर्मवीरांच्या बोर्डिंगमधल्या मुलांसाठी मंगळसूत्रसुद्धा देणाऱ्या. झिंबाब्वेतल्या त्या टोंगा आणि शोना जमातींच्या बायांना लक्ष्मीबाईंचं नावही ठाऊक नसेल, तरी मला त्या एकाच घरच्या वाटतात.

पण खरी गोष्ट १९९८ची. शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या मुलींनी स्वतःची संघटना काढली, 'कॅमा'. खेड्यातली मुलगी मॅट्रिक झाली, पुढे काय? नोकरी नाही, भांडवल नाही, घरी लग्नाची घाई. शिक्षण संपल्यावरचा तो काळ फार एकटा असतो. तेव्हा या मुलींनी एकमेकींना धरून राहायचं ठरवलं. आज त्या संघटनेत दोन लाखांहून अधिक जणी आहेत. पहिल्या तुकडीतल्या फिओना माव्हिंगा वकील झाल्या. अँजेलिन मुरिमिर्वा झिंबाब्वेतल्या खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याची मुलगी. सातवीला उत्तम गुण मिळाले आणि तरी पुढची शाळा परवडणार नव्हती. पहिल्या मदतीत त्यांचा नंबर लागला. आज त्या कॅमफेडच्या प्रमुख आहेत. २०२० साली त्यांना आणि त्यांच्याआधी प्रमुख असलेल्या लूसी लेक यांना शिक्षणक्षेत्रातलं यिदान पारितोषिक मिळालं. ज्या संस्थेनं फी भरली, तिचा कारभार आता तीच मुलगी बघते. देणगीदार आणि लाभार्थी हे शब्द मला एरवीही खुपतात, इथं तर ते लागूच पडत नाहीत.

यातली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते, ती जरा सावकाश सांगते. कॅमातल्या तरुण मुली आपल्याच गावच्या शाळेत 'लर्नर गाइड' म्हणून परत जातात. गणित-इंग्रजी शिक्षक शिकवतोच. या मुली आठवड्यातून काही तास वर्गाला धीर देतात, अभ्यास कसा करायचा, स्वतःबद्दल कसं बोलायचं, अडचण कोणाला सांगायची, हे शिकवतात. पगार नसतो. पण धंद्यासाठी त्यांना बिनव्याजी कर्ज मिळतं. 'किवा' या ऑनलाइन व्यवस्थेतून जगभरचे लोक थोडेथोडे पैसे उसने देतात. त्यातून कोणी कोंबड्या पाळते, कोणी शिवणयंत्र घेते. मुद्दल पैशात फेडायचं आणि व्याज शाळेतल्या तासांत. याला त्या 'सामाजिक व्याज' म्हणतात. आमच्याकडे सावकाराच्या व्याजानं घरं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून ही कल्पना वाचली त्या दिवशी मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी टांझानियातल्या शाळांमध्ये या कामाची तपासणी केली, तेव्हा मदत पोचलेल्या शाळांत मुलींचं इंग्रजी आणि गणित लक्षणीय सुधारलेलं आढळलं. सर्वांत गरीब मुलीपर्यंत पोचायला खर्च जास्त येतो, हे खरंच आहे. पण ती शिकते किती हेही मोजलं तर तो खर्च वाया जात नाही.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे, की हे सगळं सरकारचं काम नाही का? आहे. माझंही तेच म्हणणं आहे. टांझानियानं २०१६मध्ये, घानानं २०१७मध्ये, झांबियानं २०२२मध्ये माध्यमिक शाळांची फी काढून टाकली. फार मोठं काम झालं. तरी बूट सरकार देत नाही, वसतिगृह सगळीकडे नाही, आणि फी गेली म्हणून अंतर कमी होत नाही. शिवाय सरकार उलटही जाऊ शकतं. टांझानियात गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेतून काढून टाकत. २०१७मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं की अशा मुलींना शाळेत परत घेणार नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये ती बंदी उठली.

बंदी उठली हे कागदावर. पण बाळ झालेली सोळा वर्षांची मुलगी आपणहून शाळेच्या फाटकातून आत येत नाही, वर्गातली पोरं काय म्हणतील या धास्तीनं ती घराच्या मागल्या दारानंच ये-जा करते. तिच्या घरी कोणीतरी जावं लागतं. लर्नर गाइड जाते. दोनचार वर्षांपूर्वी हीसुद्धा त्याच बाकावर बसलेली असते. ती आईशी बोलते, बाळ कोण सांभाळील ते विचारते, गणवेश नसला तर समितीकडे नाव घालते. पहिल्या दिवशी मुलगी नाही म्हणते. मग ती पुढच्या आठवड्यात परत जाते.