वहाणेचा पट्टा

[दृश्य: संध्याकाळ. खुर्चीत बसलेल्या आजी. कॅमेरा पावलांवर.]

सकाळी सैल असलेली वहाण आता पायात शिरत नाही. जोडवी रुतलीत. "वय झालं, पाय सुजायचेच," आजी म्हणतात.

नडगीवर, घोट्याच्या जरा वर, अंगठा दाबून धरा. दहा आकडे मोजा. सोडा. बघा, खड्डा तसाच राहिलाय. आत पाणी साचलंय.

बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते, ताठर होते. ताठर हृदय नीट सैलावत नाही, त्यामुळे पुरतं भरत नाही. पुढे रक्त कमी जातं, मागे तुंबतं. मूत्रपिंडांना वाटतं, अंगात रक्तच कमी पडलंय. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. दिवसभर ते पाणी पावलांत उतरत राहतं.

[दृश्य: रात्र. पलंगावर तीन उशा.]

आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं. म्हणून लघवीला सारखं उठावं लागतं. हृदयाला ते पेललं नाही, तर फुफ्फुसांत साचतं. एका उशीवर झोपणाऱ्या आजींना आता तीन लागतात. रात्री दोन वाजता धाप लागून त्या उठून बसतात. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. या वाक्यात फार मोलाचे दिवस निघून जातात.

सूज म्हणजे हृदयच, असं नाही. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, कशानेही पाय सुजतात. बीपीच्या अमलोडिपिन गोळीनेही घोटे सुजतात. पण ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्यावरची गोळी, डायक्लोफेनॅक? तीही अंगात पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. वरून मीठ न घेणाऱ्या आजींच्या ताटात लोणचं आहे, पापड आहे, सांडगी मिरची आहे.

[दृश्य: सकाळ. वजनकाटा.]

उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. नात ते कॅलेंडरवर लिहिते. सोमवारी ५०. आज, बुधवारी, ५२. दोन दिवसांत दोन किलो जेवणाने वाढत नाहीत.

नात पेन खाली ठेवते आणि डॉक्टरांना फोन लावते.