चिपाडाचा ताळेबंद

(दृश्य : पहाट. कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. वजनकाटा.)

नोव्हेंबर ते मार्च कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर ऊस पुढे असतो आणि बाकीची वाहतूक त्याच्या मागे. काट्यावर वजन होतं, पावती फाटते, गाडी गव्हाणीकडे वळते. उसातून साखर काढून जे टाकाऊ उरतं, त्याचा हा हिशेब. प्रश्न एकच : पर्यावरण सांभाळणं कारखान्याला परवडतं का?

(दृश्य : गव्हाणीत मोळ्या पडतात. रोलरमधून रस. पट्ट्यावरून जाणारा चोथा.)

दिवसाला 5000 टन ऊस गाळणारा कारखाना धरू. साखर निघेल 500 ते 550 टन. उसात 70 टक्के पाणीच असतं. हा जो चोथा दिसतोय, बगॅस, तो मात्र 1400 टनांच्या आसपास निघतो. साखरेच्या अडीच पट.

(दृश्य : ड्रोन. बगॅसचा डोंगर, त्यावर चढलेला डोझर.)

जुन्या कारखान्यांत हा डोंगर म्हणजे डोकेदुखी होती. ठेवायला जागा नाही, वर आगीची धास्ती. मग कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो जमेल तसा जाळायचा. वाफ झाली, रस उकळला, विषय संपला.

(दृश्य : भट्टीच्या झरोक्यातून ज्वाळा. टर्बाइन हॉल. कंट्रोल रूममधले आकडे.)

फरक पडला तो इथे. बॉयलरचा दाब वाढला. चौरस सेंटिमीटरला 32 किलो दाबावर चालणारे बॉयलर गेले, 67, 87, 110 किलोचे आले. या दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज करते आणि दमून बाहेर पडली की मग रस उकळायला जाते. बगॅस तेवढाच, कामं दोन. कारखान्याला पुरून उरलेली वीज तारेवरून महावितरणकडे जाते आणि तिचं बिल कारखाना लावतो.

(दृश्य : कंडेन्सेटच्या पाइपलाइन. पाण्याची टाकी.)

रस आटवताना जी वाफ निघते, ती थंड केली की पुन्हा पाणी. नीट चालवलेला कारखाना हंगामात स्वतःची बरीचशी तहान उसातल्याच पाण्यावर भागवतो. शेतात उसाला किती पाणी लागतं, हा मोठा प्रश्न आहे आणि तो वेगळ्या माहितीपटाचा आहे.

(दृश्य : आसवनी, बाहेरून. टँकर.)

आसवनीत कॅमेरा नेता येत नाही. आत आहे ती मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा, दाट पाक. मळी आंबवून अल्कोहोल, त्यातलं उरलंसुरलं पाणी काढलं की पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर साखर पूर्ण काढून न घेता गोडवा ठेवलेली बी-हेवी मळी आणि थेट उसाचा रससुद्धा इथेनॉलकडे वळवता आला. 2022-23 मध्ये रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला 65 रुपये 61 पैसे भाव होता, बी-हेवीच्या इथेनॉलला 60 रुपये 73 पैसे.

(दृश्य : साखरेचं गोदाम. थप्प्या. मग पुन्हा टँकर, गेटमधून बाहेर.)

पण खरी गंमत भावात नाही, तारखेत आहे. या थप्प्या महिनोन् महिने इथेच पडून राहतात. त्या बँकेकडे तारण असतात, व्याज चालू असतं. इथेनॉलचा टँकर गेला की तेल कंपनीचे पैसे साधारण तीन आठवड्यांत. आणि ऊस उत्पादकाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची कायद्याने 14 दिवसांत, उशीर झाला तर 15 टक्के व्याजासह. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली. 2024-25 च्या हंगामातही तीच. याच काळात एफआरपी टनाला 2750 वरून 3400 वर गेली. आता कारखान्याच्या एमडीला विचारा, पर्यावरण परवडतं का.

(दृश्य : इव्हॅपोरेटर. काळं, दाट स्पेंटवॉश. भट्टी. राखेचा ढीग.)

एका लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचं सांडपाणी, निघतं. काळं, उग्र वासाचं. एकेकाळी ते कुठे जायचं हे नदीकाठच्या माणसाला विचारायची गरज नाही. आता नियम असा की आवाराबाहेर एक थेंब जाता कामा नये. म्हणून ते आटवायचं, बगॅसच्या जोडीने जाळायचं. त्यातूनही वाफ मिळते. उरते ही राख. हिच्यात पोटॅश हे खत आहे आणि देशाला लागणारं पोटॅश आपण जवळपास सगळं बाहेरून आणतो. 2024 च्या जानेवारीत या मळीजन्य पोटॅशला खत कंपन्यांसाठी टनाला 4263 रुपये दर ठरला. दंड टाळायला उभी केलेली भट्टी, तिच्या राखेलाही गिऱ्हाईक.

पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या अजून येतात. बोट कधी कारखान्यांकडे जातं, कधी शहरांच्या सांडपाण्याकडे.

(दृश्य : कारखान्याचं ऑफिस. फायली. भिंतीवरचं कॅलेंडर.)

शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. गुळगुळीत कागदावर, हिरव्या मुखपृष्ठाचा. सहकारी कारखाना शेअर बाजारात नाही, त्याला ते बंधन नाही. त्याच्या टाकाऊ मालाला गिऱ्हाईक आहे, एवढंच. आणि ते गिऱ्हाईक जवळजवळ एकच, सरकार. वीज महावितरण घेतं, इथेनॉल मुख्यतः सरकारी तेल कंपन्या, आणि इथेनॉलचा भाव दिल्लीत ठरतो.

7 डिसेंबर 2023. पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने हुकूम काढला : उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. हंगाम ऐन रंगात होता. आठवडाभरात सवलत मिळाली, ती 17 लाख टन साखर होईल इतकाच रस आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवण्यापुरती. पुढच्या हंगामासाठी बंदी उठली ती ऑगस्ट 2024 मध्ये. तोवर इथेनॉलच्या शर्यतीत मका उसाच्या पुढे निघून गेला होता. आसवनीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते.

(दृश्य : वार्षिक सर्वसाधारण सभा. मांडव, फेटे, माइकपाशी झुंबड. आवाज तसाच ठेवावा, दहा सेकंद.)

सप्टेंबर. सभासदांचा प्रश्न एकच : टनाला किती देणार? राज्याच्या 2013 च्या ऊस दर कायद्याचा हिशेब 70-30 चा. साखर आणि उपपदार्थ मिळून जे उत्पन्न, त्यातले 70 टक्के शेतकऱ्याचे. त्या उत्पन्नात इथेनॉल किती आणि कसं धरायचं, यावर शेतकरी संघटना आणि कारखान्यांचं अजून जमलेलं नाही.