पायांखालची फळी: शेटलंडच्या गावहॉलमधली फिडल

रसिकहो, स्कॉटलंडचे लोकसंगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौकड्यांचा किल्ट नेसलेला आणि गाल फुगवून बॅगपाइप फुंकणारा माणूस उभा राहतो. त्यात आपली फारशी चूकही नाही, कारण आपल्या लष्करी पलटणींच्या बँडनी तो सूर आपल्या कानांत कधीच बसवला आहे. आज मी ज्या मुलखाविषयी बोलणार आहे तिथे मात्र किल्ट मूळचा नाही, बॅगपाइप मूळचा नाही आणि डोंगराळ स्कॉटलंडातली गेलिक भाषाही तिथली नाही. शेटलंड हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडचा द्वीपसमूह. अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी लरविक या त्याच्या मुख्य गावाला लागते. १४६९ पर्यंत ही बेटे नॉर्वेच्या सिंहासनाकडे होती. त्या वर्षी राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडकडे गहाण ठेवली आणि ते गहाण पुढे कधी सुटले नाही. आजही सगळ्या बेटांची मिळून वस्ती २३,००० च्या आसपास आहे. तिथला माणूस आधी स्वतःला शेटलंडचा म्हणवतो आणि फारच आग्रह केलात तर स्कॉटिश.

या लोकांचे वाद्य फिडल. ते काही निराळे वाद्य नाही, आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो तेच; फक्त त्यावर नाचाच्या चाली वाजू लागल्या की त्याचे नाव बदलते. हे वादन ऐकायला लोक खेड्यातल्या हॉलमध्ये जातात, आणि बाहेरच्या माणसाला वाटते की मोठे सभागृह परवडत नसल्यामुळे ही सोय केलेली असावी. मला हे पटत नाही. हे संगीत लहान खोलीच्या मापानेच घडले आहे, आणि ते कसे घडले हे वादकाच्या गजापासून सुरुवात केली की नीट दिसते.

हॉल बांधले जाण्याआधी नाच घरातच होत. लग्न दोन-तीन दिवस चाले, वऱ्हाड चर्चकडे निघाले की सगळ्यांच्या पुढे फिडलवाला असे, आणि रात्री धान्याच्या कोठारात किंवा स्वयंपाकघरात रील नावाचा वेगवान नाच नाचला जाई. शेटलंडचा जुना रील तीन जोडप्यांचा. खोलीत सहा माणसे जड पादत्राणे घालून जमीन हादरवीत आहेत, भिंतींना टेकून उभे असलेले वीसजण बोलत आहेत, आणि वाजवणारा एकटा. सोबतीला ना ढोल, ना दुसरे वाद्य. त्याचा आवाज या गलबल्यातून पोहोचायचा कसा? त्यासाठी शेटलंडच्या वादकांनी गज एका तारेवर न ठेवता शेजारची मोकळी तारही त्याच फटक्यात छेडण्याची सवय लावून घेतली. चाल एका तारेवर चालते आणि बाजूची तार अखंड घुमत राहते. काही चालींसाठी तर ते खालच्या दोन्ही तारा एकेक स्वर चढवून घेत. मग चारही मोकळ्या तारा आपल्या भाषेत सा-प-सा-प अशा लागतात. आपल्याकडे गायकाच्या मागे बसून तंबोरा जे काम करतो, ते इथे वादकाच्या हातातल्या गजालाच करावे लागते, आणि तेही नाचणाऱ्यांच्या पावलांशी स्पर्धा करीत. पाश्चात्त्य मैफलीच्या शिस्तीत वाढलेल्या कानाला ही शेजारची तार खरखरीत वाटते. मला विचाराल तर सगळी गोडी तिथेच आहे.

चालीची लांबीही नाचानेच ठरवली. रीलच्या चालीचे (तिलाही रीलच म्हणतात) दोन भाग, प्रत्येकात आठ आवर्तने, दोन्ही भाग दोनदा. म्हणजे बत्तीस आवर्तनांची एक फेरी, आणि नाचाच्या वेगात ती साधारण अर्ध्या मिनिटात संपते. एवढीशी चाल मंचावर एकदाच वाजवली तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. नाच सुरू असेपर्यंत ती फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला गजाचा जोर थोडा इकडेतिकडे सरकतो. वादक मध्येच, न थांबता, दुसऱ्या चालीत शिरतो. त्या एका क्षणाला नाचणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास आरोळी ठोकतो. विस्तार म्हणाल तर तो एवढाच. आपल्या बढतीची अपेक्षा धरून बसणाऱ्याची इथे निराशा होईल.

यातल्या सगळ्याच चाली घरच्या नाहीत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात ग्रीनलंडच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीला जाणारी जहाजे लरविकला थांबून माणसे घेत, आणि त्या माणसांबरोबर फिडल जहाजावर जाई व परतताना नव्या चाली घेऊन येई. काही चाली तर ट्रो नावाच्या, टेकडीच्या पोटात राहणाऱ्या भुताखेतांकडून ऐकलेल्या आहेत असे सांगतात. टेकडीत एक रात्र वाजवून बाहेर आलेल्या वादकाला बाहेर वर्ष उलटून गेलेले दिसते. यावर मी मत देणार नाही.

विसाव्या शतकात गावोगावी हॉल उभे राहिले. आपल्या समाजमंदिरासारखी एकमजली इमारत, लाकडी जमीन, एका टोकाला हातभर उंचीचे व्यासपीठ, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि चहा देण्यासाठी भिंतीत एक खिडकी. घरातून हॉलमध्ये आल्यावर माणसे वाढली, फिडलच्या जोडीला पियानो आणि अ‍ॅकॉर्डियन आले. पीरी विली जॉन्सन या गिटारवादकाने रेडिओवर लागणारे अमेरिकन जॅझ ऐकून ऐकून रीलला साथ करण्याची अशी काही ढब बसवली की आज ती शेटलंडची परंपराच मानली जाते. ‘पीरी’ म्हणजे तिथल्या बोलीत लहान. अ‍ॅकॉर्डियनचा आवाज मोठा, ते शिकायलाही तुलनेने सोपे. दुसऱ्या महायुद्धानंतर एकट्या फिडलची पीछेहाट होऊ लागली आणि तरुणांना ते म्हाताऱ्यांचे वाद्य वाटू लागले.

इथे टॉम अँडरसन यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. १९१० साली एशनेस या पश्चिम टोकाच्या भागात जन्मलेला हा माणूस विमा प्रतिनिधी होता, आणि विम्याच्या निमित्ताने बेटावर घरोघर फिरताना तो जुन्या वादकांकडून चाली उतरवून घेई. परदेशी गेलेल्या शेटलंडकरांचा घरी परतण्याचा मोठा सोहळा १९६० साली झाला, त्यासाठी त्यांनी चाळीसेक वादक एकत्र आणले. १९७० च्या दशकात त्यांनी शाळांतून फिडल शिकवायला सुरुवात केली, आणि मला वाटते खरा फरक त्याने पडला. अ‍ॅली बेन हे आज जगभर ओळखले जाणारे वादक त्यांचेच शिष्य. अँडरसन यांनी स्वतः बांधलेल्या चालींपैकी ‘दा स्लॉकिट लाइट’ ही विलंबित चाल सर्वांत प्रसिद्ध आहे; स्लॉकिट म्हणजे विझलेला. १९६९ साली ते एशनेसहून निघाले असता त्यांनी मागे वळून पाहिले, आणि लहानपणी जिथे घरोघर दिवे दिसत तिथे मोजकेच दिवे उरलेले दिसले. त्यांच्या पत्नीचेही नुकतेच निधन झाले होते. ही चाल नाचाची नाही. आज ती अंत्यसंस्काराच्या वेळीही वाजवली जाते.

दिवे मात्र पुढे सगळेच विझले नाहीत. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर बेटांवर पैसा आला आणि त्यातला काही भाग सार्वजनिक वास्तूंवर खर्च झाला. १९८१ साली शेटलंड लोकसंगीत महोत्सव सुरू झाला. एप्रिलअखेर व मेच्या आरंभी भरणाऱ्या या महोत्सवाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, सगळे काही लरविकमध्येच न उरकता पाहुण्या कलाकारांना बसमध्ये आणि फेरीबोटीत बसवून दूरच्या खेड्यांतल्या हॉलमध्ये पाठवले जाते.

असाच एक हॉल येल बेटावरच्या कलिव्हो गावात आहे. मुख्य बेटावरून येलला जायला फेरीबोटीचा वीसेक मिनिटांचा प्रवास, आणि पुढे उघड्या माळावरून रस्ता, ज्यावर झाड असे दिसतच नाही. मी तिथे गेलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि बाहेर स्वच्छ उजेड होता. दारात रॅफलची तिकिटे विकणाऱ्या बाईंनी मला पाच तिकिटे घ्यायला लावली. बक्षिसांच्या टेबलावर व्हिस्कीची बाटली, चॉकलेटचा डबा आणि का कोण जाणे, एक टॉवेल होता. खिडकीतून खारवून वाळवलेल्या मटणाचे सूप आणि बॅनॉक नावाच्या जाड भाकऱ्या येत होत्या. व्यासपीठाच्या कडेला ध्वनिवर्धक होते, पण मध्यंतरानंतर स्थानिक वादक खालीच, श्रोत्यांच्या पातळीवर, खुर्च्यांचे कडे करून बसले आणि ध्वनिवर्धक विसरले गेले.

त्या कड्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांची टाच फळीवर ठक-ठक पडत होती, आणि त्या टाचेवरच सगळ्यांचा ताल टांगलेला होता. मुलीचे पाय खुर्चीवरून जमिनीपर्यंत पोहोचत नव्हते. तरी तिची टाच हवेतच, अचूक त्याच ठिकाणी, खाली येत होती. आवाज फक्त त्या गृहस्थांच्या बुटाचा. जमिनीच्या फळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तो मला बसल्या जागी तळपायातून कळत होता. दुसऱ्या दिवशी लरविकमध्ये एका मोठ्या, गालिचा अंथरलेल्या खोलीत याच चाली अधिक तयारीच्या वादकांकडून ऐकल्या. बोटे जास्त स्वच्छ फिरत होती, पण टाचा गालिच्यावर पडत होत्या.

कलिव्होला साडेदहाच्या सुमारास खुर्च्या भिंतींकडे सरकवल्या गेल्या, कार्यक्रमाचे रूप पालटून नाच सुरू झाला, आणि माझ्यासारख्या पाहुण्यालाही कोणीतरी हाताला धरून रांगेत ओढले. माझे काय झाले ते सांगत नाही.

आता एक रील ऐकवतो. साधे ध्वनिमुद्रण आहे, अशाच एका हॉलमधले, मागे कपबश्यांचा आवाज येतो तो काढून टाकलेला नाही. पहिल्या फेरीत चाल ऐका. दुसऱ्या फेरीत ती सोडून द्या आणि शेजारच्या तारेकडे कान द्या. तिसरीला खाली, जमिनीकडे.