दहा रात्रींचे सोवळे

पडद्यावर दिसते आहे ते सिस्ट्रम. वाकवलेल्या कांस्याच्या पट्टीत सैल आडव्या सळया अडकवलेले हे वाद्य हातात धरून हलवले की खणखणते. इसवी सन पूर्व पहिल्या शतकात इजिप्तमधून आलेल्या आयसिस देवीच्या पूजेत रोममधील स्त्रिया ते वाजवीत आणि व्रताच्या काळात एकट्या निजत. या सोवळ्याचा सर्वाधिक जाच झाला तो प्रेमकवींना.

प्रेयसी सिंथियाच्या दहा रात्री व्रतात गेल्या, तेव्हा रोमन कवी प्रॉपर्शियस थेट देवीशीच भांडायला उठला. आयसिस म्हणजेच ग्रीक कथेतील इओ, अशी त्या काळची समजूत होती. देवांचा राजा ज्युपिटरने इओवर प्रेम केले आणि तिच्या वाट्याला गाईचा जन्म आला. प्रॉपर्शियस देवीला नेमके तेच सुनावतो: तुला शिंगे फुटली, बोलू गेलीस तर हंबरणेच बाहेर पडले, गोठ्यात रवंथ करीत दिवस काढलेस, आणि आता आमची ताटातूट करतेस? इजिप्तची नाईल आणि रोमची टायबर या नद्यांचे कधीच जमले नाही, तुला शहरातून हाकलून देऊ, अशी धमकीही तो देतो. ती अगदीच पोकळ नव्हती, कारण पुढे सम्राट ऑगस्टस म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑक्टेव्हियनने इसवी सन पूर्व 28 मध्ये रोमच्या पवित्र सीमेच्या आत इजिप्शियन पूजाविधींना मनाई केली होती.

त्याच काळातला दुसरा प्रेमकवी टिबुलस याचा सूर निराळा आहे. पूर्वेकडच्या प्रवासात तो आजच्या कॉर्फू बेटावर आजारी पडला. तुझी आयसिस आता माझ्या काय कामाची, असे तो दूर असलेल्या प्रेयसीला, डेलियाला विचारतो खरा, पण लगेच त्याच देवीला साकडे घालतो. बरे झालेल्या भक्तांनी वाहिलेली चित्रे तिच्या देवळांत टांगलेली त्याला ठाऊक आहेत. मग नवस फेडणारी डेलिया त्याच्या डोळ्यांपुढे येते: तागाची शुभ्र वस्त्रे नेसून, केस मोकळे सोडून देवळाच्या दाराशी बसलेली, दिवसातून दोनदा देवीची स्तुती गाणारी.

सगळेच उत्सव असे विरहाचे नव्हते. 15 मार्चला ॲना पेरेन्ना देवीच्या सणासाठी जोडपी टायबरकाठच्या गवतावर पसरत, फांद्यांचे आडोसे उभारत आणि जितके पेले रिचवू तितकी वर्षे आयुष्य मागत. परतणारी ही मंडळी कवी ओव्हिडने पाहिली होती. त्यांत झिंगलेल्या म्हातार्‍याला ओढत नेणारी एक म्हातारीही होती, तीही तितकीच झिंगलेली.